पेरू आणि उदबत्ती

घरीच अत्तरं बनवणाऱ्या सुमाने नव्या कुपीतला थेंब माझ्या मनगटावर टेकवला आणि माझ्या चेहऱ्यावरची नजर हलवली नाही. आधी पिकलेला पेरू आला, हसू यावं इतका गोड. मागून उदबत्ती आली आणि मी मनगट नाकापासून दूर नेलं. वडील गेले तेव्हा त्यांच्या फोटोपुढे दिवसभर ठेवलेलं फळ मी खाल्लं होतं, धुराच्या चवीसकट. वासाला दार लावता येत नाही. ‘छान आहे’ म्हणून सुटता आलं असतं.

“खरं सांग,” सुमा म्हणाली.

“फोटोपुढचा पेरू वाटतोय गं.”

तिने कुपी हातात घेतली. मग म्हणाली, “आईच्या फोटोपुढे मी रोज पेरूच ठेवते,” आणि कुपीवर लिहिलेलं ‘दिवाळी’ हे नाव तिने खोडलं.