खंदकाची मोरी

दादाला जाऊन चार महिने झाले. भेटायला येणारे त्याच्या हाताचं कौतुक करतात आणि मी मान हलवतो. मोरीचं अजून कुणाला सांगितलेलं नाही.

दुष्काळाच्या साली, कडेगावच्या अलीकडे आमच्या गावात, भुईकोट किल्ल्याचा खंदक उपसायचं काम निघालं. कित्येक वर्षांच्या गाळानं तो इतका भरला होता की लोक त्यात वांगी-मिरच्या लावत. किल्ल्याच्या मालकांना सगळं गाव 'सरकार' म्हणे. त्यांना खंदक पूर्वीसारखा पाण्यानं भरलेला हवा होता. भिंतींचं काम दादाकडे, तो गवंडी. जुन्या मोडी कागदांवरून किल्ल्याचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे, मी शाळामास्तर.

सरकार रोज खंदकात उतरून दादाशी तासभर बोलत. गूळ आणि हिरड्याचं पाणी घालून दादा चुना बैलाच्या घाणीत दळायचा, मग त्याचा गोळा पाण्याच्या घमेल्यात टाकायचा. गोळा विरघळला नाही की सरकार लहान मुलासारखे खूश होत. मला विचारत, "वाचताय ना?" एवढंच.

एका सकाळी उत्तरेच्या भिंतीत, गाळाखाली, हातभर रुंदीचं भोक निघालं.

"ह्याच्यामुळंच भित फुगलीया," दादा म्हणाला. "बुजवून टाकतो." मग वर बघून हसला, "काय मास्तर, तुमच्या कागदात हाय का ह्याचं काय?"

होतं. आदल्याच आठवड्यात मी वाचलं होतं. ते भोक म्हणजे जुनी मोरी; ओढ्याचं पाणी तिच्यातूनच खंदकात येई. पण दादाचं काम एकदा तरी फसावं, असं मला वाटलं.

"न्हाई," मी म्हणालो.

पुढच्या पावसाळ्यात ओढा दुथडी भरून वाहिला आणि खंदकात घोटाभर पाणी साचलं. काठावर गर्दी जमली.

"आवं मिस्त्री, ह्यात म्हस तरी बसंल का वो?"

सरकार यायचे थांबले. दादाचं जेवण तुटलं. चौथ्या दिवशी मी कागद घेऊन गेलो आणि आत्ताच सापडला म्हणून सांगितलं. त्यानं तो माझ्याकडून दोनदा वाचून घेतला, पहार उचलली आणि निघाला.

त्याचाच चुना, त्यालाच फुटेना. दोन दिवस लागले. दम खायला थांबला की काठावरच्यांना सांगायचा, "धाकट्यानं शोधलं बरं का! आमाला काय कळतंय? लय वाचलंय त्यानं."

पाणी आत शिरलं तेव्हा सरकारांनी मला जेवायला बोलावलं. ते ऐकून दादाचा चेहरा असा फुलला, जणू बोलावणं त्यालाच होतं. त्याच्या हाताचा हेवा मला होताच. त्या दिवसापासून त्याच्या ह्या मनाचाही वाटू लागला.

तो अंथरुणाला खिळल्यावर दोनदा खरं सांगायला बसलो. दोन्ही वेळा कुणीतरी भेटायला आलं, आणि तो त्यांना माझंच कौतुक सांगू लागला.