गजलक्ष्मीच्या पायाखालची ओळ

शबानाचा फोन आला तेव्हा माझ्या हातात काच कापायची हिरकणी होती आणि अर्धी रेघ ओढून झाली होती. "नागूकाका, अब्बा गेले… जेवून आडवे झाले होते, उठलेच नाहीत." काच कापताना हात मध्येच थांबवायचा नसतो, ती भलतीकडे तडकते. मी फोन खांद्याने कानाशी दाबून रेघ पुरी केली, काच बाजूला ठेवली आणि मग खाली बसलो. नंतर माझा मलाच राग आला. जिवाभावाचा दोस्त गेल्याची बातमी येते आणि हा बाबा काच सांभाळतो! पण इकबालभाई समोर असते तर त्यांनीही आधी तेच विचारलं असतं, "काच नीट निघाली का रे?"

या गोष्टीला आता दीड महिना झाला. सोलापुरात शुक्रवार पेठेत माझं फोटो फ्रेमचं दुकान आहे आणि इकबालभाई एसटीत कंडक्टर होते. त्यांना जुन्या छापील चित्रांचा नाद होता. नाद हा माझा शब्द, त्यांच्या घरी मुमताजभाभी सरळ 'खूळ' म्हणायच्या. दगडावरून एकेक रंग चढवत छापलेले देव, तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेले किल्ले आणि घाट, मक्का-मदिनेची पिवळी पडलेली चित्रं, कुठल्या तरी फाटक्या पुस्तकातून सुटून आलेले मिशाळ इंग्रज साहेब… जुनं आणि छापलेलं असलं की झालं. ड्युटी वैरागची असो की माळशिरसची, गाडी थांबली की प्रवासी चहा शोधायचे आणि इकबालभाई भिंती बघायचे. चादरीच्या कारखान्यातून आणलेली, कापड गुंडाळायची एक पुठ्ठ्याची नळी कायम त्यांच्या सीटमागे असायची. तिच्यात नवीकोरी कॅलेंडरं. कुणाच्या पडवीत, दुकानात जुनं चित्र धूळ खात पडलेलं दिसलं की नवं कॅलेंडर द्यायचं आणि जुनं चित्र घ्यायचं. मात्र एक नेम कडक होता. पूजेतलं चित्र कधी मागायचं नाही. "ज्याला रोज उदबत्ती लागते तो देव कामावर हाय, नागू. आपन फक्त रिटायर झालेले न्यायचे," असं म्हणून स्वतःच खो खो हसायचे.

आमची गाठ पडली ती एका गजलक्ष्मीमुळे. वैरागच्या एका चहाच्या दुकानात पत्र्याच्या भिंतीला भोक पडलं होतं आणि वारा येऊ नये म्हणून त्यावर हे चित्र ठोकलं होतं. दोन्ही बाजूंना सोंडेतून पाणी ओतणारे हत्ती, मध्ये कमळावर देवी. इकबालभाईंनी ताडपत्रीचा तुकडा आणून ते भोक स्वतः बुजवलं, वर कॅलेंडरही दिलं आणि चित्र घेऊन फ्रेम करायला माझ्याकडे आले. मी तेव्हा नुकताच वडिलांच्या हाताखालून मोकळा झालेलो, हात लई चालायचा. आमच्या धंद्यात एक रीत होती, देवाच्या चित्राभोवती पांढरा कागद दिसू द्यायचा नाही. गिऱ्हाइकाला ते ओकंबोकं वाटतं. मी गजलक्ष्मी टेबलावर पसरली, पट्टी लावली आणि चारी बाजूंच्या पांढऱ्या कडा सर्रकन कापल्या. कापलेल्या कडांचं आम्ही काय करायचो? फ्रेम चिकटवायच्या सरसाचं भांडं शेगडीवर गरम होत असायचं, त्याखाली सारायच्या. मी सारल्या.

इकबालभाई चष्मा पुसत होते. तो डोळ्यांवर चढवेपर्यंत शेवटची कड पेटलेली होती. "क्या किया रे तू…" एवढंच म्हणाले. मला कळेना, चित्र तर धडधाकट आहे! मग त्यांनी समजावलं. खालच्या पांढऱ्या कडेवर बारीक अक्षरात एक ओळ होती, छापखान्याचं नाव आणि गाव. गाडीच्या हादऱ्यात ती धड वाचता आली नव्हती, म्हणून फ्रेम करताना निवांत वाचू असं त्यांनी ठरवलं होतं. मी ती सरसाखाली घातली. दुसरा कुणी असता तर माझ्या दुकानाची पायरी पुन्हा चढला नसता. हा माणूस दुसऱ्या दिवशी ड्युटी संपल्यावर आला, शेजारून दोन चहा सांगितले आणि म्हणाला, "आजपासून नेम. कात्री लावायच्या आधी खालची ओळ वाचायची. मोठ्यानं. मला ऐकू आली पायजे." मी मान हलवली. माफी मागायची मात्र राहून गेली. आज मागू, उद्या मागू करता करता त्याची लाज वाटायला लागली, आणि लाज एकदा जुनी झाली की ती काढायची कुठून तेच कळत नाही.

नेम मात्र पाळला. लग्नाचा फोटो असो, शाळेचं सर्टिफिकेट असो, मी खालची ओळ खड्या आवाजात वाचतो. गिऱ्हाइकं आधी बिचकतात, मग हसतात. पेठेत माझं नाव 'वाचणारा फ्रेमवाला' असं पडलं आहे.

पुढे इकबालभाईंनी मला नुसतं वाचायलाच नाही, बघायलाही शिकवलं. खिशात भिंग असायचंच. "ठिपके दिसले तर दगड, रेघा दिसल्या तर तांबं," हा पहिला धडा. दुसरा धडा बोटांचा. कोरीव पत्र्यावरून छापलेल्या चित्राच्या कडेवरून डोळे मिटून बोट फिरवायचं, पत्र्याच्या दाबाची बारीक पायरी लागते. ती लागली की ते लहान पोरासारखे खूश व्हायचे, अन् मीही. रंग जरा सरकलेलं चित्र त्यांना फार आवडायचं. आमच्या गजलक्ष्मीच्या गालाचा गुलाबी रंग घसरून कानातल्या कुड्यांवर गेला होता. "छापनाऱ्याला त्या दिवशी शिंक आली आसंल," म्हणायचे. इतक्या वर्षांपूर्वीच्या अनोळखी माणसाची शिंक त्यांना चित्रात दिसायची, आणि म्हणूनच त्या माणसाचं नाव हवं होतं. प्रत्येक चित्राच्या पाठीवर ते मऊ पेन्सिलीने नोंद करायचे, कुठं मिळालं, कुणी दिलं, बदल्यात काय दिलं, छापलं कुणी. गजलक्ष्मीच्या पाठीवर शेवटच्या जागी नुसतं 'छापणारा' लिहून पुढे कोरं ठेवलं होतं. चित्रं सपाट राहावीत म्हणून फ्रेम न केलेला सगळा संग्रह पलंगावर, दोन पुठ्ठ्यांमध्ये, गादीखाली असायचा. मुमताजभाभी तक्रार करायच्या, "घर में आदम्यां कम, तस्वीरां जास्ती!" इकबालभाईंचं उत्तर ठरलेलं, "आपून रोज इंग्रज सायबाच्या उरावर झोपतो, अजून काय पायजे?"

चार वर्षांपूर्वी एका सकाळी ते धापा टाकत दुकानात आले. "सापडली!" माळशिरसजवळच्या एका वस्तीवर, लग्नाला गेले असताना, उघड्या दारातून देवघरात हुबेहूब तीच गजलक्ष्मी दिसली होती. पण पूजेतली, म्हणजे मागायची सोय नाही. आणि खालची ओळ असलीच तर फ्रेमच्या लाकडी पट्टीआड. "फ्रेम उघडायची, वाचायचं, परत लावायची. तेवढ्यासाठी तू पायजेस." दुकान बंद करून मी अवजारांची पिशवी घेतली. एसटीत इकबालभाई वाटभर नव्या कंडक्टरच्या चुका माझ्या कानात सांगत होते. माझं लक्ष नव्हतं. आज ती ओळ मिळाली तर माझ्या छातीवरचा धोंडा उतरणार होता.

त्या घरच्या म्हातारबाईंनी आम्हाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "कुटनं आलासा?"

"सोलापूरवरनं, मावशी. देवीच्या पायाखाली छापनाऱ्याचं नाव आसतंय, तेवढं वाचायचंय. देवी तुमची तुमच्याकडंच."

"सोलापूरवरनं नाव वाचाया आलायसा?"

"व्हय."

"लई रिकामं हायसा की!" म्हणाल्या, पण हसल्या. पाय धुवायला लावले, हळदीकुंकवाचं बोट देवीच्या काचेला लावलं, आणि मला म्हणाल्या, "तू उगड." मग इकबालभाईंकडे वळून, "आन तू धर. पडू दिऊ नगंस." इकबालभाईंनी रुमाल काढून डोक्याला बांधला आणि दोन्ही हातांनी देवी धरली.

मी गंजलेल्या चुका, म्हणजे फ्रेमचे बारीक खिळे, एकेक करून उपसल्या. मागचा पुठ्ठा काढला. काच उचलली. आणि चित्राची खालची बाजू बघितली. कमळाच्या पाकळ्या संपतात तिथेच कागद संपला होता. कड नव्हती. माझ्यासारख्याच कुण्या शहाण्याने ती सफाईने कापून टाकली होती. इकबालभाईंनी भिंग लावलं, काढलं, पुन्हा लावलं. माझी वर बघायची छाती होईना.

आणि मग त्यांना हसू फुटलं. असं तसं नाही, देवी हातात हिंदकळायला लागली, म्हातारबाई "आरं धर की नीट!" म्हणून ओरडल्या. "नागू, माळशिरसला बी तूच हायस की रे!" डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते. काय झालं ते सांगितल्यावर म्हातारबाईही पदर तोंडाला लावून हसल्या. "आमच्या सासऱ्याचं काम आसंल. त्यास्नी कायबी फ्रेमीत बसवायचं लई खूळ." मी काच लख्ख पुसली, नव्या चुका मारल्या, देवी जागेवर बसवली. निघताना आम्हाला ओंजळभर भाजलेल्या शेंगा मिळाल्या.

परतीच्या गाडीत शेंगा सोलता सोलता मी एकदाचं बोललो. "इकबालभाई, ती कड मी जाळली… माफ करा."

"म्हाईत हाय की. मी तितंच हुतो." मग दाणे माझ्या तळहातावर ठेवत म्हणाले, "ती कड ऱ्हायली आसती तर मी फ्रेम घेऊन गेलो आसतो. परत कशाला आलो आसतो रे तुझ्याकडं?" एवढं बोलून त्यांनी पुन्हा कंडक्टरकडे बघितलं, बिचारा घंटी द्यायला विसरला होता.

गेल्या आठवड्यात शबाना दुकानात आली. ती शाळेत शिकवते. बाकीची चित्रं तीच सांभाळणार आहे, "गादीखालीच," असं तिने हसून सांगितलं. काखेत ती पुठ्ठ्याची नळी होती. "ही तुम्हाला द्यायची असं अब्बांनी कधीच सांगून ठेवलंय." आत गजलक्ष्मी. मीच केलेली ती पहिली फ्रेम त्यांनी कधी काढून टाकली ते मला माहीतही नव्हतं.

शबाना गेल्यावर मी चित्र टेबलावर पसरलं. यावेळी फ्रेम मोठी घेतली, खाली चार बोटं कोरा कागद सोडायचा असं ठरवलं. ती कापलेली कड मी परत आणू शकत नाही, पण तिची जागा तरी देऊ शकतो. पुठ्ठा कापायला कात्री उचलली आणि सवयीने थांबलो. नेम म्हणजे नेम. पण इथे वाचायला ओळच कुठे होती? मग मी चित्र पालथं केलं. पेन्सिलीतलं ते नेटकं अक्षर जसंच्या तसं होतं. समोर एक बाई नातवाच्या फोटोसाठी थांबल्या होत्या, त्यांच्यादेखत मी खड्या आवाजात वाचायला लागलो. "गजलक्ष्मी. मिळाली वैरागला, चहाच्या दुकानात. बदल्यात ताडपत्री आणि एक कॅलेंडर. छापणारा…" इथे कोरी जागा असायची. ती आता भरलेली होती.

मी तेही वाचलं. मोठ्यानं, इकबालभाईंना ऐकू जाईल असं.

"छापणारा माहीत नाही. फ्रेम नागनाथची, शुक्रवार पेठ, सोलापूर."