दाराबाहेरचं बटण

शैलाताई गेल्याचा मेसेज आला तेव्हा रेवा समोर बसून भाकरी खात होती. माझा चेहरा बघून तिने हातानेच विचारलं, काय झालं? आणि माझे हात तसेच राहिले. माणूस गेलं हे खुणेने कसं सांगायचं, ते मला येत नव्हतं. असं काही अडलं की मी शैलाताईंनाच विचारायचे...

रेवा माझी मुलगी. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. आम्ही मूळचे लातूरचे. नवऱ्याच्या हिंजवडीतल्या नोकरीमुळे घोटावड्यात भाड्याने राहतो. तिला इथल्या शाळेत घातलं तेव्हा सर म्हणायचे, “पोरगी गुणाची आहे, काही त्रास नाही.” त्रास कसला असणार? ती फळ्यावरचं उतरवून घ्यायची आणि खिडकीबाहेर बघत बसायची. शैलाताई कर्णबधिर मुलांच्या शाळेतून निवृत्त होऊन भुकूमला राहायला आल्या होत्या. त्यांना स्वतःलाही कमी ऐकू यायचं. कुणाकडून तरी रेवाचं कळलं आणि स्कूटर काढून बाई थेट आमच्या दारात. पहिल्याच दिवशी माझ्यावर डाफरल्या, “तिला ओठ वाचायला शिकवताय, बरंय. पण घरात ती बोलणार कुणाशी? तुम्ही खुणा कधी शिकणार?” मला रागच आला होता. पण त्या आम्हा दोघींना खुणा शिकवायला येत राहिल्या.

थोड्याच दिवसांत त्यांनी वायरमन आणून आमच्या बाहेरच्या खोलीतल्या दिव्याचं एक बटण दाराबाहेर बसवून घेतलं. बेल रेवाच्या काय उपयोगाची? ताई आल्या की बटण दोनदा दाबायच्या आणि दिवा लुकलुकला की रेवा पळत येऊन दार उघडायची. खाली राहणारे घरमालक बाळूकाका मात्र हैराण. “आवं म्याडम, वायरिंग जळलं का काय वरचं? लाइट सारखी उघडझाप करतीया!” म्हणत त्यांनी एकदा मेन स्विचच बंद करून टाकला. ताई त्यांना हाताला धरून वर घेऊन आल्या आणि बटण दाबायला लावलं. रेवाने दार उघडलं तसे काका म्हणाले, “व्हय की! लई भारी हाय हे.” त्यानंतर काम नसतानाही ते येऊन बटण दाबू लागले.

ताईंची धडपड एकट्या रेवासाठी नव्हती. राज्यातल्या प्रत्येक तालुक्यात खुणांची भाषा येणारा शिक्षक हवा, तो मूल लहान असतानाच मिळायला हवा आणि आईबापांनाही ती भाषा शिकवायला हवी, एवढंच त्यांचं मागणं. त्यासाठी पुण्यातल्या सरकारी कचेरीत खेटे घालायच्या, मलाही ओढून न्यायच्या. एकदा साहेब बोलत असताना त्यांनी कानातलं मशीन काढून टेबलावर ठेवलं. “आता बोला. आमची पोरं वर्गात अशीच बसतात.” साहेब जरा वरमले, चहा मागवला आणि ‘बघू’ म्हणाले. परतताना ताई हसत होत्या. मला संताप आवरत नव्हता. अजूनही आवरत नाही. माणूस निघून जातं आणि ते ‘बघू’ तिथल्या तिथेच...

मेसेज आला त्या दिवशी मी रेवाला भुकूमला घेऊन गेले. दुसरं काय करणार? ती ताईंच्या चेहऱ्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग तिने हात वर करून बोटं मिटली. रोज झोपताना करते ती खूण, दिवा बंद. मला जे सांगता येत नव्हतं, ते तिनेच मला सांगितलं. मी तिथेच रडले.

ताईंनी त्याच कचेरीत मागून घेतलेली बैठक मागच्या आठवड्यात झाली. कुठे जातेय ते रेवाला सांगून मीच गेले. ताई साहेबांपुढे बोलायच्या तसं शांतपणे बोलणं मला कुठलं जमायला, आवाज चढलाच. सगळं ऐकून घेतल्यावर समोरून आलं, “बघू.”

घरी आले. किल्ली पर्समध्ये होती, तरी हात बटणाकडे गेला. दोनदा दाबलं. आतून पळत येणारी पावलं ऐकू आली. रेवाने दार उघडलं आणि आधी माझ्या मागे, जिन्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

‘काय म्हणाले?’ तिने हाताने विचारलं.

मी सांगायला लागले आणि निम्म्यातच माझ्या खुणा संपल्या. ती तशीच दारात उभी होती, माझ्या हातांकडे बघत.