रुमालाखालची सकाळ

थोरला भाऊ बिऱ्हाड घेऊन नांदेडला गेला, तेव्हा चार पाहुण्यांसमोर म्हणाला, "याच्या तोंडापायी चाललो." सात-आठ वर्षं झाली. मी अजून विसरलेलो नाही. लातूरचं हे घर मी बैलांची दलाली करून उभं केलं. त्याच्या खोलीत फरशीसुद्धा त्याच्या पसंतीची घातली होती. त्यामुळे बारावीतली माझी थोरली पोरगी गेल्या उन्हाळ्यात म्हणाली, "अप्पा, मला क्लासजवळच्या हॉस्टेलवर राहू द्या," तेव्हा हातातला घास हातातच राहिला.

"घरात काय कमी हाय तुला?"

"कमी काहीच न्हाई. आवाज लई हाय. अभ्यास होत न्हाई."

"दिवाळीपर्यंत थांब," मी म्हणालो. "घराला वळण लावतो. मग सांग."

घरात पाच पोरं. माझी तीन, धाकट्या भावाची दोन. न्हाणीघर एकच. मी सकाळची कामं वाटून दिली. कुणी अंथरुणं काढायची, कुणी बूट पुसायचे, कुणी डबे भरायचे, कुणी पाणी तापवायचं. आणि धंद्याची अक्कल चालवून एक सवलत ठेवली. ज्याला आपलं काम नको, त्यानं सौदा करून दुसऱ्याला द्यावं.

इथंच फसलो. दुसऱ्या दिवशी सहा वाजता स्वयंपाकघरात देवणीचा बैलबाजार भरला.

"तुझी अंथरुणं मी काढतो, माझे बूट तू पूस."

"बूट पाच जोड हायत. वर तुझा आंघोळीचा नंबर दे."

"तोंड बघ आरशात! नंबर मागतो."

नऊ वर्षांची पुतणी सगळ्यांच्या वरताण. स्वतः काडी हलवायची नाही. दोघांचा सौदा जुळवून द्यायची आणि दलाली म्हणून न्हाणीघरात पहिली घुसायची. मला राग यायला हवा होता, पण माझा ऊर भरून आला. सौदा मोडला की मी मध्ये पडायचो आणि माझा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जायचा. बाहेर शाळेची रिक्षा हॉर्न वाजवून दमायची.

शेवटी बायको पोळी लाटता लाटता म्हणाली, "अहो, बाजारात बैलाचा भाव तुम्ही असाच बोंबलून करता का?"

नाही करत. आमच्यात घेणाऱ्याच्या आणि देणाऱ्याच्या हातावर रुमाल टाकतात. आत बोटं दाबून भाव ठरतो. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी कुणाला कळत नाही. त्याच दिवशी मी खांद्यावरचा रुमाल दाराजवळच्या खिळ्याला अडकवला. कामांना नंबर दिले. जितकी बोटं दाबली, तितक्या नंबरचं काम. सौदा रुमालाखालीच, आणि जो तोंड उघडेल त्याचा सौदा रद्द.

आठवड्याभरात पोरं तरबेज झाली. सकाळी नुसती बोटं आणि भुवया हलायच्या. हसू दाबून दाबून धाकट्या पोराचे कान लाल व्हायचे. रिक्षाला थांबावं लागेना. मी खूश. सहा वाजता ओसरीत बसून गावोगावच्या बैलवाल्यांशी फोनवर बोलायचो आणि मधूनच आत ओरडून पोरांना शाबासकी द्यायचो.

दिवाळीच्या तोंडावर थोरली पोरगी रुमाल घेऊन माझ्यासमोर बसली. बाकीचे भोवती जमले. तिनं माझ्या हातावर रुमाल टाकला आणि म्हणाली, "सकाळी किती तास शांतता देता? त्यावर ठरवते हॉस्टेलचं." मग तिनं चार बोटं दाबली.

मी दोन दाबली. तिनं पुन्हा चार. मी तीन. तिची बोटं बारीक, पण पकड माझ्यासारखीच.

मला राहवलं नाही. "अगं माय, घर आता गप्पच हाय की! कोण ओरडून राहिलंय इथं?"

"सौदा रद्द!" पुतणी टाळी वाजवून किंचाळली.

पाचही पोरं माझ्याकडे बघत होती. बायको पदराआड हसत होती. डोक्यात सणक गेली, उठून जावं वाटलं. पण पोरीनं हात सोडला नव्हता. मी रुमाल नीट केला आणि चार बोटं दाबली.

आता पाच ते नऊ मी कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर असतो आणि तिथूनच फोनवर ओरडतो. टपरीवाला वैतागतो. त्याला वैतागू दे. काल निघताना पोरगी पुस्तकातून मान वर करून म्हणाली, "अप्पा, आठलाच आलात तरी चालतंय. फक्त फोन बंद करून या."

आज फोन बंद करून साडेसातलाच आलो आणि आवाज नको म्हणून चपला बाहेर हातानं काढून ठेवल्या.