बाइंडरकाकांचे आठ दिवस

डाव्या कानावर पेन्सिल, उजव्या कानावर सिगारेट. सुईत दोरा ओवताना जीभ दातांत धरायचे. कुणाचंही पुस्तक हातात आलं की आधी त्याचा वास घ्यायचे, मग शेवटचं पान बघायचे. चहा पार गार झाल्यावर प्यायचे. गिऱ्हाइकाला ‘परवा या’ म्हणायचे आणि परवा खरंच द्यायचे. घड्याळ वापरत नसत. पुस्तकाच्या कण्याला सरस लावला की एक सिगारेट. ती संपली की पुस्तक लोखंडी प्रेसमध्ये. पुठ्ठा चिकटवला की दोन. जाड रजिस्टर असलं तर तीन. चाळीस वर्षं सरस वाळायचा वेळ त्यांनी असाच मोजला.

काकांचं बाइंडिंगचं दुकान आमच्या गल्लीच्या टोकाला होतं. साहित्यात एम.ए. करताना माझी प्रबंधिका त्यांनी बांधली आणि तिच्यातली एक ओळही न वाचता मला ‘पंडित’ म्हणायला लागले. नोकरी नव्हती, म्हणून दुपारी मी तिथेच असायचो. ते साठीचे, मी पंचविशीचा. याला मैत्रीच म्हणतात.

मग त्यांच्या पोटातली मोठी रक्तवाहिनी फुगल्याचं निघालं. सर्जन म्हणाले, ऑपरेशन करावंच लागेल, ती फुटली तर हातात काही उरणार नाही. पण आधी चार आठवडे सिगारेट बंद. तपासणीत निकोटीन दिसलं तर ऑपरेशन नाही.

“सासरेबुवाच भेटले,” काका म्हणाले. “आधी सुधार, मग मुलगी.”

काकूंनी सिगारेट सोडवणारं एक केंद्र शोधून काढलं. आठ दिवस तिथेच राहायचं. पोचवायला मी गेलो. दारातच त्यांचे खिसे उलटे केले. काडेपेटी पाकिटात घालून वर नाव लिहिलं. काकांनी पिशवीत सुई-दोरा आणि माझा फाटका शब्दकोश घेतला होता. सुई काढून घेतली.

“मी काय कुणाचं तोंड शिवणार आहे?” ते समुपदेशक बाईंना म्हणाले. बाई हसल्या नाहीत. शब्दकोश तेवढा आत गेला.

तिसऱ्या दिवशी भेटायला गेलो. खोलीत चार खाटा. तिघं भिंतीकडे तोंड करून पडलेले. काकांच्या मांडीवर शब्दकोशाचे सुटे फर्मे होते, सोळा-सोळा पानांचे. त्यांच्या घड्या ते नखाने पुन्हा पुन्हा दाबत होते.

“पंडित, इथे वेळ जात नाही रे,” ते म्हणाले. “जाणार कशाने?”

रोज सकाळी एका यंत्रात फुंकायचं. श्वासात धुराचा अंश किती, तो आकडा फळ्यावर लिहीत. काकांचा पहिल्या दिवशी सव्वीस होता. आठव्या दिवशी दोन. निघताना बाईंनी चघळायच्या गोळ्या दिल्या. तलफ आली की एक.

घरी आल्यावर त्यांनी सिगारेटला हात लावला नाही. कण्याला सरस लावला की एक गोळी. पुठ्ठ्याला दोन.

“घड्याळ दुरुस्त झालं,” म्हणाले.

चार आठवडे भरले. हॉस्पिटलचा फॉर्म मी भरला, कारण शिकलेला मी. ‘सध्या चालू असलेली औषधं’ या रकान्यात रक्तदाबाची गोळी लिहिली. काका शेजारी बसून चघळत होते.

“अजून काही?” मी विचारलं.

“तुझी बडबड. दिवसातून तीनदा.”

चार दिवसांनी फोन आला. लघवीत निकोटीन सापडलं होतं. ऑपरेशन सहा आठवडे पुढे.

काका तडक हॉस्पिटलात गेले. मी मागोमाग. काउंटरवरच्या मुलीला म्हणाले, “ते फुंकायचं यंत्र आणा. आत्ता फुंकून दाखवतो.”

“आजोबा, इथे सगळे असंच म्हणतात,” ती म्हणाली. वाईट नव्हती. दमलेली होती.

संध्याकाळी काकूंनी त्यांच्यासमोरच त्यांच्या कोटाचे खिसे तपासले.

“एकदा खरं सांगा. मी बोलणार नाही काही.”

काकांनी कोट त्यांच्या हातातून घेतला आणि खुंटीला लावला.

दुसऱ्या दिवशी दुकानात मीही विचारलं. “काका, एखादी ओढली असेल चुकून, तर…”

ते शब्दकोश शिवायला बसले होते. सुई थांबली नाही.

“तुझी पानं शिवतोय,” म्हणाले. “हलवू नकोस टेबल.”

त्यानंतर मला त्यांनी पंडित म्हटलं नाही. मीही रोज जायचा बंद झालो.

हॉस्पिटलच्या फोननंतर एकोणिसाव्या दिवशी दुपारी, दुकानातच, त्यांच्या पाठीत कळ आली. स्टुलावरून उठले आणि टेबलाला धरून खाली बसले. काकू शेजारी होत्या. अँब्युलन्स आली तेव्हा तिला काही काम उरलं नव्हतं.

“जाताना म्हणाले, नाही ओढली गं,” काकूंनी मला सांगितलं. “मी म्हटलं, बरं. नुसतं बरं म्हटलं मी.”

पंधरा दिवसांनी त्यांनी मला दुकान आवरायला बोलावलं. सरसाच्या डब्यामागे त्या गोळ्यांची पाकिटं होती. बहुतेक रिकामी. मी पहिल्यांदाच एक उलटं करून पाहिलं. मागे बारीक अक्षरांत औषधाचं नाव होतं. निकोटीन.

मी ते काकूंना वाचून दाखवलं. फॉर्मचंही सांगितलं. त्यांनी पाकीट हातात घेतलं, डोळ्यांजवळ नेलं, परत माझ्याकडे दिलं.

“पुन्हा वाच,” म्हणाल्या.

मी पुन्हा वाचलं.

शब्दकोश टेबलावरच होता. अठ्ठावीस फर्म्यांपैकी सतरा शिवून झाले होते. सतराव्यातून दोरा बाहेर आला होता आणि सुई अठराव्याच्या पहिल्या भोकात अर्धी गेलेली होती.