सतरा नंबरची पट्टी

गुंडू मास्तर माती चाटायचे. कुठेही. बसथांब्यावर, देवळामागे, कुणाच्या विहिरीच्या काठावर. बोटावर चिमूटभर माती घेऊन जिभेला लावायची, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा, "खारट आसा. रंग धरूचो नाय."

ते शाळेत चित्रकला शिकवायचे, मी तिथलाच कारकून आणि त्यांचा शेजारी. निवृत्तीनंतर त्यांनी दुकानातले रंग सोडले. माती वाटायची, वस्त्रगाळ करायची आणि अंड्याच्या बलकात कालवायची. बलक या तळहातावरून त्या तळहातावर घेत कोरडा करायचे, मग त्याची पातळ पिशवी चिमटीत धरून टोचायचे. उरलेलं पांढरं आमच्या घरी. वर्षभर आम्ही फिकट ऑम्लेट खाल्लं. बायको म्हणाली, "मास्तरांका सांगा, एकदा तरी कोंबडी पुरी पाठवा."

हे सगळं वहिनींसाठी, म्हणजे मास्तरांच्या बायकोसाठी होतं. त्या गेल्यावर मास्तरांनी त्यांचं चित्र काढलं. नाक, नथ, हसताना वर जाणारी डावी भुवई, सगळं हुबेहूब. कपाळ मात्र मोकळं. सवाष्ण गेलेल्या बाईचं! कुणी बोललं की मास्तर म्हणत, "कुंकू लावतलंय. पण पावसाळो काढणारा व्हया. बुरसललेला कुंकू लावलंय तर ती वरसून भांडात."

त्यासाठी त्यांनी वीस लाकडी पट्ट्यांवर वीस गावची तांबडी माती लावली. पावसाळाभर पडवीत टांगायच्या, जी बुरसणार नाही ती पास. रंग ओला असतानाच ते दोन दिवस बहिणीकडे कुणकेश्वरला गेले. जाताना मला म्हणाले, "बाबल्या, लक्ष ठेव हां. पट्ट्यो आसत, पापड नाय."

मी लक्ष ठेवलं. पण दुपारी माझा डोळा लागला आणि आमच्या मांजरीने सतरा नंबर चाटून लख्ख केला. अंडंच ते, तिचा काय दोष?

आता खरं सांगतो. तुळशीवृंदावन रंगवून उरलेला लाल ऑइलपेंट घरात होता. तो मी सतरा नंबरला फासला.

मास्तर आले. एकेक पट्टी बघत सतराव्यापाशी थांबले, कोपरा चाटला. माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "बरो आसा."

पावसाळा संपेपर्यंत बाकीच्या एकोणीस पट्ट्यांवर बुरशीची दाढी उगवली होती. सतरा मात्र नव्या नवरीसारखी. "पास!" मास्तर गरजले. "ही माती धामापूरच्या तळ्याकाठची. जा, हाड दोन पोती."

मी स्कूटरवरून पोती आणली. दर रविवारी आणली. पाठ मोडली, पण तोंड उघडलं नाही. आणि कपाळ मोकळंच. विचारलं की, "घाई कित्याक?" चित्राकडे बघायची मला चोरी झाली. ती डावी भुवई आता हसत नव्हती, विचारत होती.

वहिनींच्या श्राद्धाला पान वाढलं, तेव्हा मी उचललेला घास खाली ठेवला. म्हटलं, "मास्तरानू, सतरा नंबर खोटो. मांजरान चाटल्यान. मी ऑइलपेंट लावलंय."

मास्तरांनी भात कालवणं थांबवलं नाही. "माका ठावक आसा."

"कधीपासून?"

"चाटलंय तेव्हापासून. टर्पेंटाइन लागला जिभेक. घराकडे सतराची थोडी माती शिल्लक होती, त्याच सांजेक दुसरी पट्टी करून मागल्या पडवीत टांगलंय. तिनां पावसाळो काढल्यान."

"मगे कुंकू लावक नाय तां कित्याक?"

"पंधरा वर्षां तिच्या हातची सोलकढी पिलंस. तिच्या कपाळावरच्या कुंकवामागे तुझा खोटा रवलेला चलात? तू बोलशीत म्हणान थांबलंय. वर्ष लावलंस मेल्या!"

मग एकदम आठवलं. "आणि ती पोती?"

"अळवाक भर व्हयी होती. आता जेव, आणि मांजराक घेवन ये. बारीक कुंचलो नाय माझ्याकडे."

मी मांजरीला धरलं, मास्तरांनी शेपटीचे चार केस कापून काडीला बांधले. मला दोन ओरखडे मिळाले, ते मी हक्काचे मानले. नवा बलक फोडून मास्तरांनी चित्रावर कुंकू टेकवलं. कुंकू गोल आलं.

मास्तर गेल्या माघात गेले. चित्र माझ्याकडे आहे. कुंकू अजून बुरसलेलं नाही. मांजर अधूनमधून खाली बसून त्याच्याकडे टक लावून बघते, म्हणून मी ते तिच्या उडीच्या हातभर वर टांगलं आहे. आणि दुपारी झोपत नाही.