पाचव्या प्रकरणातली एलेना

रविवारी दुपारी मसालेभात आणि मठ्ठा पोटात ढकलून प्रुफं तपासायला बसू नये, हे हेमलता गोंधळेकरला कुणीतरी सांगायला हवं होतं. पण सांगणार कोण? तिचा नवरा, श्रीरंग, स्वतःच आतल्या खोलीत घोरतो आहे. ही इकडे आरामखुर्चीत, मांडीवर कागदांचा गठ्ठा, हातात लाल पेन, आणि पापण्या तर अशा जडावल्यात की एक ओळ वाचून संपेपर्यंत तिची सुरुवात विसरायला होते.

पुस्तक तिचं स्वतःचं आहे. साम्यवादी राजवट गेल्यावर बल्गेरियातल्या एका छोट्या गावात काय काय उलथापालथ झाली, कारखाने कुणाच्या घशात गेले, मोकळ्या निवडणुकांत लोकांनी कुणाला डोक्यावर घेतलं आणि कुणाला आपटलं, याचा तिनं केलेला अभ्यास. विद्यापीठातल्या नोकरीची उमेदीची वर्षं यात गेली. संध्याकाळपर्यंत प्रुफं संपादकाकडे परत जायची आहेत. त्यानंतर काना-मात्राही बदलणार नाही, असं त्यानं निक्षून सांगितलं आहे.

ती आता पाचव्या प्रकरणात आहे. हे प्रकरण एलेनाचं. एलेना म्हणजे भाज्या आणि फळं बरण्यांत भरणाऱ्या कारखान्यातली एक म्हातारी कामगार. खरं नाव वेगळं. संशोधनाचा शिरस्ताच आहे, ज्यांच्या मुलाखती घ्यायच्या त्यांची नावं पुस्तकात बदलायची, म्हणजे पुढे कुणी त्यांना त्रास देत नाही. म्हातारीला ते मुळीच पटलं नव्हतं. "माझं नाव घाल की, मी कुणाला भिते?" असं ती म्हणाली होती. हेमलतानं तिची समजूत घातली होती, की आजी, नियम आहे, तुमच्याच सुरक्षिततेसाठी आहे.

ती म्हातारी गेल्या हिवाळ्यात वारली. ल्युबो नावाचा दुभाषी तिकडे हेमलताच्या बरोबर हिंडायचा, त्यानं कळवलं. अंत्ययात्रेला फारसं कुणी आलं नाही, असंही त्यानं लिहिलं होतं. हेमलताला मनापासून वाईट वाटलं. मग तिनं त्याची एक तळटीप केली. तरुण माणसं परदेशी गेल्यामुळे गावं कशी ओस पडली, मेलेल्याला पोचवायलाही माणसं उरली नाहीत, वगैरे. तळटीप चांगली उतरली आहे.

'एलेना म्हणते, मी सही केली नाही.' ओळ डोळ्यांसमोर आहे. डोळे मिटतात, तरी ओळ समोरच आहे. एलेना म्हणते. एलेना म्हणते. पंख्याचा आवाज हळूहळू लांब जातो आणि हेमलताला तहान लागते.

ती उठते. स्वयंपाकघराचं दार नुसतंच लोटलेलं आहे. ते ढकलल्याबरोबर तोंडावर गरम वाफ येते, भाजलेल्या मिरच्यांचा आणि व्हिनेगरचा वास येतो. ओटा आहे, पण तो संपतच नाही. लांबच लांब गेला आहे आणि त्यावरून काचेच्या बरण्या आपोआप पुढे सरकताहेत. आपलं स्वयंपाकघर इतकं मोठं कधी झालं, याचं हेमलताला नवल वाटत नाही. पाणी कुठे ठेवलंय एवढंच ती शोधते आहे.

"आलीस? बस," कुणीतरी म्हणतं.

डोक्याला रुमाल बांधलेली म्हातारी बरण्या धुते आहे. ती मराठी बोलते आहे, आणि तेही ठीकच वाटतं. ठीक नाही ते एवढंच, की तिचे ओठ आधी हलतात आणि शब्द मागाहून येतात. मुलाखतींच्या वेळी असंच व्हायचं. म्हातारी बोलायची, थांबायची, मग ल्युबो सांगायचा. आता ल्युबो कुठेच नाही. मधली शांतता तेवढी राहिली आहे.

"आजी, तुम्ही तर..."

"मेले. हो. ते सोड. तुझं पुस्तक झालं म्हणे?"

"होत आलंय. आज संध्याकाळी जाईल."

म्हातारी हात पदरासारख्या लांब एप्रनला पुसते. "मग आत्ताच चल," ती म्हणते.

वाफेतून ती पुढे होते, मागचं दार उघडते, आणि तिथे हेमलताच्या विभागाचा व्हरांडा आहे. तोच सूचनाफलक, तीच पाय मोडलेली बाकडी. फक्त बाकड्यांवर विद्यार्थी नाहीत. गावातली शाळामास्तरीण बसली आहे. बसचा ड्रायव्हर आहे. कारखाना विकला गेला त्या रात्री दारावर पहारा करणारा माणूस आहे. हेमलतानं ज्यांच्या ज्यांच्या मुलाखती घेतल्या ते सगळे ओळीनं बसलेत, पाठ ताठ, डोळे उघडे, आणि पापणी एकाचीही लवत नाही. प्रत्येकाच्या गळ्यात दोऱ्यानं एक पुठ्ठा अडकवलेला आहे. पुठ्ठ्यावर पुस्तकातलं, बदललेलं नाव आहे. अक्षर हेमलताचं आहे.

"हे असे का बसलेत?" ती विचारते. आवाज फारच हळू निघतो.

"तू बसवलंस म्हणून. हे जिवंत आहेत, यांना अजून कळलेलं नाही. मला कळलं." म्हातारी व्हरांड्याच्या टोकाला असलेल्या खिडकीकडे बोट करते. खिडकीपलीकडे छतापर्यंत फायलीच फायली. "आमच्याकडे राजवट पडल्यावर गुप्त पोलिसांच्या फायली उघडल्या. तू लिहिलंयस ना, चौथ्या प्रकरणात?"

"लिहिलंय."

"मग सांग. त्या फायलींत दुसरं नाव कुणाला असायचं?"

प्रश्न परीक्षेतल्यासारखा सोपा आहे, तरी हेमलता जपून उत्तर देते. "खबऱ्यांना," ती म्हणते. "शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या चहाड्या पोलिसांना कळवायचे त्यांना."

"आणिक कुणाला?"

"आणिक कुणाला नाही."

"मग मला का दिलंस?"

हेमलता बोलायला लागते. संशोधनाची पद्धत, जगभर असंच करतात, सुरक्षितता. बोलता बोलता तिला स्वतःचा आवाज वर्गात शिकवल्यासारखा ऐकू येतो आणि ती गप्प होते. कारण पाचवं प्रकरण कशाबद्दल आहे, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? गुप्त पोलिसांचे साहेब लोक कारखान्यात आले होते. तुझ्या पाळीतल्या बायका काय बोलतात ते आम्हाला सांगत जा, तुला मुकादम करतो, हे घे नाव, इथे सही कर. या बाईनं सही केली नाही. नाव घेतलं नाही. म्हणून तिला बरण्या धुवायच्या कामावर टाकलं आणि म्हातारी होईतो तिथेच ठेवलं. सगळ्या पुस्तकाचा जीव त्या एका नकारात आहे, असं संपादकसुद्धा म्हणाला होता.

"पुस्तकाआधी छापलास तो तुझा लेख," म्हातारीचे ओठ हलून थांबलेत, शब्द आता येताहेत, "ल्युबोनं आमच्या भाषेत केलेला. गावात फिरला. सही न करणारी, बरण्या धुणारी बाई आमच्याकडे एकच होती. ओळखलं सगळ्यांनी. आणि वर नाव काय, तर एलेना. शेजारीण म्हणाली, अस्सं! म्हणजे हिलाही दुसरं नाव होतं तर."

"पण लेखात टीप होती, की नावं बदललेली..."

"टिपा कोण वाचतं, बाई? तिनं कॉफीला येणं बंद केलं. मग दुसरीनं केलं. दुकानात मी शिरले की बोलणं थांबायचं. माझ्या मयताला कुणी का आलं नाही, ते तू लिहिलंयस. वाचलं मी. छान लिहितेस."

हेमलताला पायांखालची फरशी थंडगार लागते. तिला लाज वाटते, इतकी की म्हातारीकडे बघवत नाही. "मी बदलते," ती म्हणते. "आजच बदलते. अजून वेळ गेलेली नाही."

"काय घालशील?"

"तुमचं खरं नाव."

"घे बघू."

हेमलता तोंड उघडते. ओठ हलतात. मग ती शांतता येते, दुभाष्याची, आणि शांततेच्या मागून तिच्याच तोंडून शब्द येतो, "एलेना."

ती पुन्हा प्रयत्न करते. एलेना. नियमाप्रमाणे खऱ्या नावांचे कागद तिनं कधीच नष्ट केलेत. इतकी वर्षं लिहिताना, बोलताना, भाषणं देताना, एलेनाच. त्या नावाखाली काही उरलेलं दिसत नाही. म्हातारी वाट बघते आहे. बाकड्यांवरचे सगळे जण एकदम मान वळवून हेमलताकडे बघतात.

"तुम्हीच सांगा ना, आजी."

"मी एकदा सांगितलंय."

खिडकीतून हाक येते, "कुसुम!"

कुणी उठत नाही. पुन्हा हाक येते. म्हातारी हेमलताला कोपरानं ढोसते. "जा की. तुलाच बोलावताहेत."

"मी कुसुम नाही. माझं नाव हेमलता."

"असेल. पण नियम आहे," म्हातारी म्हणते. "तुझ्याच सुरक्षिततेसाठी."

गळ्याला काहीतरी काचतं. हेमलता हातानं चाचपते. पुठ्ठा आहे. ती पळत सुटते. व्हरांड्याच्या टोकाला जिना आहे आणि तो तिच्याच इमारतीचा जिना आहे, कोपऱ्यात नेहमीच्या सायकली, भिंतीवर पाणीपट्टीची नोटीस. खालून श्रीरंग भाजीची पिशवी घेऊन चढतो आहे. त्याला बघून तिच्या जिवात जीव येतो.

"कुसुम," तो म्हणतो, "किल्ली कुठे ठेवलीस?"

"अरे, मी हेमा!"

तो थांबतो. अनोळखी बाईकडे बघावं तसा सभ्यपणे बघतो. "हो, हो," तो म्हणतो. "पण किल्ली?" आणि बाजूनं वर निघून जातो. वर त्यांच्या दारावर पाटी आहे. पाटीवर श्रीरंगचं नाव आहे आणि खाली कुसुम आहे. पाटी नवीन नाही. अक्षरं उन्हानं विटलेली आहेत.

हेमलता जिन्यावर मटकन बसते आणि रडते. लहान मूल गर्दीत चुकल्यावर रडतं तशी, तोंड न झाकता.

"पुरे," शेजारून आवाज येतो. म्हातारी त्याच पायरीवर बसली आहे. मांडीवर मोठं घमेलं, घमेल्यात हिरव्या लिंबांएवढी कसलीशी फळं. "हाताला काम असलं म्हणजे रडू येत नाही. घे, सोल."

"काय आहे हे?"

"कोवळे अक्रोड. मुरांबा करायचाय. सालीचा डाग निघत नाही, शहाण्या बायका हातमोजे घालून सोलतात. आपल्याकडे नाहीत."

हेमलता सोलायला लागते. साल पातळ निघायला हवी, नाहीतर म्हातारी चुकचुकते. कडवट वास येतो, बोटं ओली होतात. जिन्यावर ऊन आहे, मग ते ऊन त्या गावातलं आहे, मग पायरी म्हातारीच्या घराची आहे. हेमलता हातातल्या चाकूकडे बघत राहते आणि तिला तो पहिला दिवस दिसतो. हेच दार. ल्युबो अजून फाटकाशी गाडी लावत होता. म्हातारी दारात आली, ओला हात एप्रनला पुसला, पुढे केला आणि आपलं नाव सांगितलं. मग हेमलतानं आपलं सांगितलं. तेवढ्याला दुभाषी लागला नव्हता. हात खरखरीत होता, गरम होता. आणि नाव...

हेमलता ते म्हणते. या वेळी मध्ये शांतता येत नाही. ओठ आणि शब्द बरोबर येतात.

म्हातारी सोलता सोलता थांबते. "हं," ती म्हणते. बस, एवढंच. घमेलं कमरेवर घेऊन ती आत जाते आणि दार लावून घेते.

"हेमा, चहा टाकतोय. घेणार ना?"

श्रीरंग उभा आहे. उन्हं उतरली आहेत. प्रुफं खुर्चीखाली विखुरली आहेत. हेमलता त्याचं मनगट घट्ट धरते.

"पुन्हा म्हण."

"काय? चहा?"

"माझं नाव."

"हेमा," तो हसतो. मग हसायचा थांबतो. "बरं वाटत नाहीये का? आणि हे हाताला काय लावून घेतलंस?"

ती बघते. बोटांची टोकं काळपट तपकिरी झाली आहेत. नखांत तर पार आतपर्यंत काळं गेलं आहे. ती बोटं नाकाशी नेते. कडवट वास आहे. या घरात अक्रोड येतात ते दिवाळीला, पाकिटातले, फोडलेले. हिरवा अक्रोड श्रीरंगनं जन्मात पाहिलेला नाही.

ती मोरीत जाऊन हात धुते. साबण लावते, मग लिंबाची फोड घासते, मग भांडी घासायची घासणी. कातडी लाल होते, डाग जागचा हलत नाही. श्रीरंग दारातून म्हणतो, की डॉक्टरला दाखवू या. ती म्हणते, नको, राहू दे.

परत येऊन ती कागद गोळा करते. आधी ती तळटीप काढते आणि तिच्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढते. मग पाचव्या प्रकरणाचं पहिलं पान. कागदावर बोटांचे डाग उमटतात, त्याला ती काही करत नाही. 'एलेना' खोडते, आणि वर लाल शाईनं, एकेक अक्षर तोंडानं म्हणत, लिहिते: दोब्रिन्का कोलेवा.